कोऱ्या तुकड्याचा रंग

आमच्या लॅबमध्ये प्रत्येक खेपेला कापडाचे तीन तुकडे असे असतात, की त्यांना एन्झाइम द्यायचं नसतं. बाकी सगळं इतर तुकड्यांसारखंच. तेवढ्याच पाण्यात, तेवढाच वेळ ठेवायचं, तसंच पिळायचं, तसंच वाळवायचं. मॅडम त्यांना ब्लँक म्हणतात, मी मनात कोरे तुकडे म्हणते. सुरुवातीला मला वाटायचं, ज्यांना काही द्यायचंच नाही त्यांच्यामागे एवढे कष्ट कशाला? आता कळतं, कोरा तुकडा खरं बोलला नाही तर बाकीच्या एकवीस तुकड्यांच्या बोलण्याला काही अर्थ नाही.

मी आधी घरी साड्यांना फॉल लावायचे, पिको करून द्यायचे. शेजारच्या काकूंनी एकदा सांगितलं, अंबडच्या एका कंपनीत कापडाचे तुकडे शिवायला बाई हवी आहे. मला वाटलं रुमाल-बिमाल असतील. गेले तर काचेची भांडी, पांढरे डगले, आणि टेबलावर मांजरपाटाचा तागा. मोठ्या सरांनी शिक्षण विचारलं. "चौथी," म्हटलं, आणि खाली बघितलं. मी नमुन्याला शिवलेला तुकडा त्यांनी भिंगाखाली धरला, एक इंचात किती टाके आहेत ते मोजलं, दुसऱ्या बाजूने पुन्हा मोजलं, आणि म्हणाले, "सोमवारपासून या."

त्याला पाच वर्षं झाली.

काम असं. मालेगावकडून लूमवरून उतरलेलं कोरं कापड येतं. विणताना धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ लावलेली असते. ही खळ निघाल्याशिवाय कापडावर रंग नीट बसत नाही. आमची कंपनी जे एन्झाइम बनवते ते ही खळ खातं. किती खातं, किती वेळात खातं, किती गरम पाण्यात खातं, हे मोजणं म्हणजे आमची लॅब. मोजायची रीत साधी आहे. वाळलेल्या तुकड्यावर आयोडीन टाकायचं. खळ असेल तर कापड गडद जांभळं होतं, जितकी निघाली असेल तितकं फिकट. भिंतीवर एक शेडकार्ड आहे, नऊ चौकटींचं. एक नंबर म्हणजे वांग्यासारखा जांभळा, नऊ नंबर म्हणजे जवळजवळ पांढरा. तुकडा कार्डाशेजारी धरायचा आणि नंबर सांगायचा.

माझ्याकडे तुकडे कापणं, त्यांच्या कडा दुमडून शिवणं आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात त्याचा नंबर घालणं. पेनाची शाई पाण्यात उतरते, पेन्सिल आयोडीनखाली दिसत नाही. पहिल्या महिन्यात त्यांचे तुकडे सारखे एकमेकांत मिसळायचे. मी कुणाला काही न बोलता एक दिवस लाल दोऱ्याने कोपऱ्यात टाके घातले. लांब टाका म्हणजे पाच, आखूड म्हणजे एक. धोबी कपड्यांवर खुणा करतो तसं. तुकडे टेबलावर ठेवले आणि माझ्या जागेवर जाऊन बसले. दुपारी सर तुकडा हातात घेऊन आले, "हे तुम्ही केलं?" मी मान हलवली. "चांगलं आहे, असंच करा." तेव्हापासून तसंच चालतं. मला हीच पद्धत बरी वाटायची. करून ठेवायचं, बोलायचं नाही.

लॅबमध्ये काचेची भांडी धुणारे एक मामा आहेत, येवल्याकडचे. ते सगळ्यांशी बोलतात, भिंतीशीही बोलतील. मला म्हणायचे, "ताई, तुमच्या बोलण्याला तिकीट लागतं का? सांगा, मी काढून आणतो."

गेल्या वर्षी मॅडम आल्या. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असतील. कळवणच्या. लॅबमध्ये स्वच्छ शहरी बोलतात, पण आईचा फोन आला की कोपऱ्यात जाऊन "बठ्ठं बरं शे, माय" असं अहिराणीत चालू होतं. त्यांना एकाच कामासाठी वर्षभराच्या करारावर घेतलं होतं. आमचं जुनं एन्झाइम जवळजवळ उकळत्या पाण्यात काम करायचं. मॅडमना असं एन्झाइम तयार करायचं होतं, जे हात घालता येईल इतक्या कोमट पाण्यात खळ काढेल. म्हणजे कापड धुणाऱ्या कारखान्यांना बॉयलरमध्ये कमी जळण घालावं लागेल.

मी हे घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "बघ हं. सगळ्यांनी पाणी तापवायचं बंद केलं तर आमचा कोळसा कोण घेणार?" हे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशावर कामाला आहेत, कंत्राटदाराकडे. आंघोळ केली तरी कानाच्या मागे काळं राहतंच.

मॅडम मला कामाचं सांगायच्या. मी विचारत नसे, तरी सांगायच्या. एकदा डबा खाताना म्हणाल्या, "ताई, भाकरीचा घास खूप वेळ चावत राहिलं की गोड लागतो ना? तोंडातल्या लाळेतही असंच एन्झाइम असतं. तेही पिठाची साखर करतं. आपण जे हौदात बनवतो ना, त्याचंच भावंड." मी त्या दिवशी भाकरी चावून बघितली. खरंच गोड लागली.

तर या जुलैत मॅडमचं एन्झाइम तयार झालं आणि मोजणी सुरू झाली. पहिल्या खेपेचे चोवीस तुकडे मी शिवून दिले. एन्झाइमवाल्या तुकड्यांना आठ नंबर आला. कोमट पाण्यात आठ! मॅडमनी माझा हात धरून दाबला. मग त्यांनी कोऱ्या तुकड्यांवर आयोडीन टाकलं. ते एक नंबरचे यायला हवे होते, वांग्यासारखे. आले तीन नंबरचे. तेही सारखे नाहीत, कुठे गडद, कुठे फिकट, कोड आल्यासारखे.

सर आले, बघितलं, म्हणाले, "न देताच खळ निघत असेल, तर तुमचा आठ नंबर कशाचा?"

मॅडमनी पाणी बदललं. थर्मामीटर बदलला. दुसरी खेप केली. पुन्हा एन्झाइमवाले आठ, पुन्हा कोरे तुकडे फिकट. आता सरांचा संशय भांड्यांवर गेला. आधीच्या खेपेचं एन्झाइम भांड्याला राहिलं असेल, नाहीतर चिमट्याला. त्यांनी मामांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "नीट धुता का?"

मामांचा चेहरा उतरला. "साहेब, बावीस वर्षं काचा धुतोय. घरी बायकोनं ताट दिलं तरी आधी मी उजेडाला धरून बघतो."

"पुन्हा धुवा. गरम पाण्याने. चिमटेसुद्धा."

मामांनी त्या दिवशी सगळी भांडी तीनदा धुतली. कुणाशी बोलले नाहीत, भिंतीशीही नाही.

सरांनी मॅडमना सांगितलं ते मला शिवणाच्या टेबलावरून ऐकू आलं. शुक्रवारी तिसरी खेप. कोरे तुकडे नीट आले नाहीत तर हे कोमट पाण्याचं काम बंद करायचं, पाणी कोमट ठेवणारं यंत्र दुसऱ्या कामाला द्यायचं. मॅडमचा करार त्याच महिन्यात संपत होता. काम नाही तर करार नाही. मॅडम "हो सर" म्हणाल्या आणि माझ्याकडे आल्या. "ताई, उद्या दुपारपर्यंत चोवीस तुकडे द्याल? नंबर घातला की एकेक देत जा, मी वजन करून लिहून ठेवते."

गुरुवारी मी शिवायला बसले. अकरा तुकडे झाले. बाराव्याच्या वेळी सुईत दोरा ओवायला मी दोऱ्याचं टोक तोंडात घातलं, ओलं केलं, ओवलं, टाके घातले, गाठ मारली आणि कापडाला तोंड लावून दोरा दातांनी तोडला. रोज दिवसातून शंभर वेळा करते तसंच. पण त्या दिवशी खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. मांजरपाटाच्या कोपऱ्यात, गाठीशेजारी, माझ्या ओठांचा ओला डाग दिसला. चवलीच्या नाण्याएवढा.

मी सुई खाली ठेवली.

फिकटपणा नंबराच्या कोपऱ्यातून सुरू होत होता हे मला माहीत होतं, कारण तुकड्यांच्या कोपऱ्याकडे माझं लक्ष जायचंच, माझेच टाके तिथे असायचे. सर म्हणाले होते, चिमट्याने तिथेच धरतात म्हणून. पण मी तिथे तोंड लावत होते. आणि मॅडमनीच सांगितलं होतं, लाळेत काय असतं ते.

मग पाच वर्षं कसं काही झालं नाही? यावर मी बराच वेळ विचार केला. पाच वर्षं पाणी उकळायला आलेलं असायचं. माझ्या तोंडातलं जे काही असेल ते त्यात मरत असेल. आता पाणी तोंडाइतकंच कोमट. त्यात ते जगत असणार.

पण मला खात्री नव्हती. चौथी शिकलेल्या बाईने एवढ्या शिकलेल्या लोकांना काय सांगायचं, की तुमच्या यंत्राचा, पाण्याचा, भांड्यांचा दोष नाही, माझ्या थुंकीचा आहे? आणि खरं निघालं तर? मामांनी तीनदा भांडी धुतली. मॅडमचे दोन आठवडे गेले. मला कामावरून काढतील हे तर होतंच, पण त्याहीपेक्षा सगळे माझ्याकडे बघतील, याची भीती जास्त होती.

मी माझी जुनीच पद्धत वापरली. बारावा तुकडा बाजूला टाकून नवा घेतला. वाटीत पाणी घेतलं, दोरा त्यात भिजवला, कात्रीने कापला. बारापासून चोवीसपर्यंत सगळे तुकडे तसेच केले. पहिले अकरा मॅडमनी वजन करून वहीत लिहिले होते. ते परत मागायचे तर कारण सांगावं लागलं असतं. मी मागितले नाहीत.

कोणते तीन तुकडे कोरे ठेवायचे, ते मॅडम चिठ्ठ्या टाकून ठरवतात, कुणाच्या मर्जीने ठरू नये म्हणून. मी टेबल आवरल्यासारखं करत उभी होते. पहिली चिठ्ठी वीस. दुसरी पंधरा. मी मनात म्हटलं, तिसरीही मागची निघू दे. तिसरी निघाली सात.

संध्याकाळी मेथी निवडताना मी ह्यांना सगळं सांगितलं.

"तुला कोणी विचारलंय का?" हे म्हणाले.

"नाही."

"मग गप्प बस. त्यांचं ते बघतील. उद्यापासून कात्री वापर म्हणजे झालं."

"अहो, पण मॅडमचं काम जाईल."

हे जरा वेळ मेथीच्या काड्या मोडत बसले. मग म्हणाले, "आमच्याकडे पट्ट्यावर दगड आला की जो बघतो त्याने ओरडायचं असतं. नाहीतर पुढे सगळं मोडतं." आणि काड्या गोळा करत म्हणाले, "पण ते आमच्याकडे. तुझं तू बघ."

शुक्रवारी खेप झाली. तुकडे वाळले. सर आले, मामा दारात उभे राहिले, मी माझ्या जागेवर. मॅडमनी आधी कोऱ्या तुकड्यांवरच आयोडीन टाकलं. वीस नंबरचा वांग्यासारखा झाला. पंधरा नंबरचाही. मॅडमनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. मग सात नंबर. कोपऱ्यातून फिकट, अर्ध्यापर्यंत.

"दोन पास, एक नापास," मामा हळूच म्हणाले.

सरांनी चष्मा काढला. "आता तर तिघांच्या दोन तऱ्हा. आधी निदान सारखे चुकत तरी होते. याच्यावर मी काय लिहून देऊ? थांबवू या." ते रागाने बोलले नाहीत. रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. "भांड्यांचंच असणार. एखादं राहिलंच असेल."

"साहेब," मामा म्हणाले, "तीन-तीनदा धुतल्यात. आता अजून काय करू? जिभेनं चाटू?"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. वही मिटली.

मी म्हटलं, "चाटू नका."

सगळे वळले. माझा आवाज त्या खोलीत कुणी फारसा ऐकला नव्हता, मीही नाही.

"चाटल्यामुळेच झालंय," मी म्हटलं. "मॅडम, ते माझं उष्टं आहे."

मग पुढचं धड सांगता येईना. मी सुई-दोरा आणला, कापडाचा तुकडा घेतला आणि त्यांच्यासमोर करून दाखवलं. दोरा तोंडात, सुईत, टाके, गाठ, दात. तुकडा सरांपुढे धरला. ओला डाग दिसत होता. मी सांगितलं, एक ते अकरा असे केलेत, बारापासून पुढे कात्रीने.

मॅडमनी वही उघडली आणि राहिलेल्या सगळ्या तुकड्यांवर भराभर आयोडीन टाकलं. एकेक कार्डाजवळ धरून नंबर लिहीत गेल्या. एक ते अकरामध्ये सातचा कोरा सोडून बाकी सगळे आठ. बारापासून पुढे, कोरे सोडून, सगळे सहा. एकही इकडचा तिकडे नाही.

मॅडम वहीकडे बघत राहिल्या आणि मग हसल्या, पण डोळ्यांत पाणी होतं. "म्हणजे माझे आठ होते ना ताई, ते तुमच्यासकट आठ होते. माझे एकटीचे सहाच."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला वाटलं होतं, मी सांगितलं की कोरे तुकडे सुधारतील आणि मॅडमचे आठ राहतील. मी त्यांचे दोन नंबर काढून घेतले होते. धुणारे कारखाने सातच्या खालचं एन्झाइम घेत नाहीत, हे मला पाच वर्षांत ऐकून ऐकून माहीत होतं.

"पाच वर्षं तोंडाने तोडताय?" सरांनी विचारलं.

"हो."

"टेबलावर कात्री असते ना?"

मी खाली बघितलं. मामा म्हणाले, "साहेब, शिवणाऱ्या बाया कात्री नवऱ्याला धाक दाखवायला ठेवतात. दोरा दातानंच तोडतात. माझी आई, माझी बायको, सगळ्या."

सर हसले नाहीत. "बारापासून कात्री घेतली, म्हणजे काल दुपारीच तुम्हाला कळलं होतं. काल का नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "चुकलं." सर म्हणाले, "सोमवारी पुन्हा खेप करा, सगळं नवीन कापड. तोपर्यंत यंत्र कुणाला देत नाही. तुमचं नंतर बघू." शेवटचं वाक्य मला उद्देशून होतं.

सर गेल्यावर मामा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता बोलणार. ते म्हणाले, "म्हणजे तीन-तीनदा मी तुमच्या उष्ट्यापायी भांडी घासली?"

"मामा, माफ करा."

"माफीचं राहू द्या. साहेबांपुढं माझं नाव सोडवलंत ना, झालं." मग दाराकडे जाता जाता, "पण ताई, लय उशिरा तिकीट काढलं."

शनिवारी अर्धा दिवस असतो. मॅडमनी मला बोलावलं. त्यांच्या हातात सहा तुकडे होते. "आपण हे नीट तपासून बघू. नुसतं सांगून सर लिहून घेणार नाहीत. या सगळ्यांचा कोपरा तुम्ही नेहमीसारखा करा. तीन कोमट पाण्यात ठेवू, तीन जवळजवळ उकळत्या पाण्यात. एन्झाइम कशातच नाही."

सगळे बघत असताना मला दोरा तोंडात घालता येईना. जे पाच वर्षं कुणाचं लक्ष नसताना करत होते ते आता चोरीसारखं वाटत होतं. शेवटी मी भिंतीकडे तोंड करून बसले आणि सहाच्या सहा केले.

गरम पाण्यातले तिन्ही तुकडे आयोडीनखाली गडद जांभळे झाले. कोमट पाण्यातल्या तिघांचे कोपरे फिकट. मी जसं मनात धरलं होतं अगदी तसंच. ते बघताना माझ्या अंगावर काटा आला. भीतीने नाही. आपण एकटीने विचार करून काढलेली गोष्ट अशी समोर खरी निघताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

मामा वाकून बघत होते. "एवढा जोर हाय तोंडात, तर बोलत का नाय हो?"

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. मलाही हसू आलं.

सोमवारची खेप मी वाटीतल्या पाण्याने आणि कात्रीने केली. साडेतीनला तुकडे वाळले. चिठ्ठीने निघालेले तीन कोरे तुकडे मॅडमनी एकापुढे एक मांडले आणि आयोडीन टाकलं. तिन्ही जांभळे. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकसारखे, कुठे ठिपका नाही. मॅडमनी त्यांच्यावर हात फिरवला, ओले होते तरी. बोटं जांभळी झाली.

मग एन्झाइमवाल्यांचं वाचन. शेवटचं वाचन तिघांनी करायचं असतं, एकमेकांना न सांगता, चिठ्ठीवर लिहून. तिसरे एक केमिस्ट असतात, ते त्या दिवशी रजेवर होते. सरांनी इकडेतिकडे बघितलं आणि मला म्हणाले, "तुम्ही बसा."

"मी?"

"साडीला फॉल जुळवताना हिरव्यातले किती हिरवे ओळखता?"

मी बसले. मॅडमनी माझ्यापुढे तुकडा आणि कार्ड ठेवलं. मी खिडकीजवळ नेऊन धरला. सहाची चौकट, सातची चौकट. तुकडा दोघांच्या मधे वाटत होता. मला सात दिसावं असं फार वाटत होतं. सात लिहिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं, आणि मी मॅडमचं जे काढून घेतलं त्यातलं थोडं परत दिल्यासारखं झालं असतं. मी डोळे मिटले, उघडले, पुन्हा बघितलं. सहाच होता. सहाकडे झुकलेला. मी सहा लिहिलं आणि चिठ्ठी दुमडली.

सरांनी तिन्ही चिठ्ठ्या उघडल्या. मॅडमचे सहा. माझे सहा. सरांचे सात.

सरांनी स्वतःची चिठ्ठी पुन्हा वाचली, तुकडा उचलला, खिडकीकडे गेले, चष्मा वर केला, खाली केला. "सहा," ते म्हणाले. "माझ्या मनात सात होतं म्हणून सात दिसलं." आणि त्यांनी आपल्या चिठ्ठीवर काट मारली.

मॅडम म्हणाल्या, "सर, सहावर काम पुढे जाईल का?"

"शुक्रवारच्या आठवर गेलं नसतं," सर म्हणाले. "हे सहा उद्या केलं तरी सहाच येईल, परवाही सहाच. जे पक्कं सहा आहे त्याचं सात करता येतं. वेळ थोडा वाढवून बघा, एन्झाइम थोडं बदलून बघा. मी करार सहा महिने वाढवल्याचं पत्र देतो." मग माझ्याकडे वळले. "आणि तुमचं म्हणजे, कामाच्या कागदावर ही गोष्ट आली पाहिजे. उद्या दुसरी कुणी बाई बसेल तर तिनेही दातानेच तोडला दोरा, असं नको. तुम्ही सांगा, मॅडम लिहितील."

एवढं बोलून ते गेले. मला कामावरून काढायचं होतं की नव्हतं, ते बोललेच नाहीत. दुसरी कुणी बाई कधीतरी बसेल, पण आत्ता मीच सांगायचं होतं, त्यावरून मी समजले.

मॅडमनी कोरा कागद घेतला. बाहेर मामा आईच्या दातांचं कुणाला तरी सांगत होते, म्हणजे ते पुन्हा बोलायला लागले होते. मी सांगत गेले आणि मॅडम लिहीत गेल्या. दोरा वाटीतल्या पाण्याने ओला करायचा. ते पाणी रोज बदलायचं. गाठ मारल्यावर कात्रीने कापायचं, कात्री आधी पुसून घ्यायची. मी जे बोलत होते ते त्यांच्या अक्षरात कागदावर उतरत होतं. मी सावकाश बोलत होते, म्हणजे त्यांचा हात मागे पडू नये.

"अजून काही?" त्यांनी विचारलं.

एरवी मी नाही म्हटलं असतं. पण एक गोष्ट पाच वर्षं माझ्या बोटांना माहीत होती.

"मॅडम," मी म्हटलं, "ताग्याच्या काठाजवळचं कापड मधल्यापेक्षा कडक असतं. सुईला कळतं. काठाला खळ जास्त बसत असणार. आपण काठाचे आणि मधले तुकडे एकत्रच वापरतो."

मॅडमचा पेन थांबला. त्या उठल्या आणि कोपऱ्यातला मांजरपाटाचा तागा उचलून टेबलावर आणायला लागल्या. जड होता. मी दुसरं टोक धरलं.

"कुठून कुठपर्यंत कडक लागतं, दाखवा," त्या म्हणाल्या.

मी कापड उलगडलं आणि काठापासून आत बोट फिरवत सांगायला लागले.